निरोपाची खुर्ची

त्या वाक्यापाशी ताईंची पेन्सिल थांबली, आणि थांबली ती थांबलीच.

‘मूल खेळात रमले आहे असे पाहून पालकांनी हळूच निघून जावे.’

वाक्य साधे होते, आणि सज्जनही. लिहिणाऱ्याच्या मनात कपट नव्हते. मुलांचे रडणे थोडे कमी व्हावे, एवढीच त्याची तळमळ. पण ते एका वर्गापुरते वाक्य नव्हते. देशातल्या यच्चयावत बालवाड्यांसाठी राष्ट्रीय बालशिक्षण परिषद जी मार्गदर्शिका काढणार होती, तिच्या ‘पहिले दिवस’ या प्रकरणात ते मुक्कामाला आले होते. एकदा छापले गेले की असंख्य दारांतून असंख्य आया चपलांचा आवाज होऊ न देता पाठ फिरवणार होत्या, आणि असंख्य मुले ठोकळ्यांवरून मान वर करून रिकामे दार पाहणार होती.

हे वाक्य खोडायला ताईंइतके योग्य माणूस त्या इमारतीत दुसरे नव्हते. आणि ते खोडण्याचा अधिकार आपल्याच हाताने गमावून बसलेले माणूसही त्याच होत्या.

बाहेर दुपार न उघडलेल्या पाकिटासारखी पडून होती. त्यांनी पेन्सिल वाक्याच्या शेजारी आडवी ठेवली, जणू झोपवली.

परिषदेची एक रीत होती. वर्षाकाठी ती काही शिक्षकांना त्यांच्या वर्गांतून उचलून राजधानीत आणी आणि महिनाभर आपल्या तीन विभागांच्या टेबलांवर आळीपाळीने बसवी. महिना सरला की शिक्षकाने सांगायचे: यातले एखादे टेबल माझे आहे, किंवा मी आपली परत जाते. तोवर मूळ जागा राखून ठेवलेली असे. पहिल्या दिवशी संचालिकाबाईंनी, म्हणजे पांढऱ्या केसांच्या आणि चष्मा साखळीला बांधून हिंडणाऱ्या एका उंच बाईंनी, ताईंना स्वतः जागा दाखवली होती.

“दुकानात चपला घालून बघतो ना आपण, तसं करा,” त्या म्हणाल्या होत्या. “चार पावलं चाला. चावली तर सांगा. संकोच नको, आमच्याकडं मापं कमी आहेत.”

अभ्यासक्रमाचे टेबल ताईंना चावले. कोणत्या वयाच्या मुलाने काय करावे याचे तिथे चौकोन आखलेले होते, आणि त्यांना सारखे वाटे की आपण आभाळ कात्रीने कापतो आहोत. प्रशिक्षणाचे टेबल पायात बरे बसले. तिथे नव्या शिक्षिकांसाठी खेळ रचायचे असत आणि हसायला भरपूर मिळे. मग त्या धोरणाच्या टेबलावर आल्या. इथे मुलांची वकिली चाले. मुले नव्हती, शिक्षिका नव्हत्या. नियमांचे मसुदे होते, मंत्रालयाच्या चकरा होत्या, आणि एकेका ओळीसाठी वर्षानुवर्षे लावून धरलेला तगादा होता. हात धुण्याचे बेसिन मुलाच्या कमरेच्या उंचीवर असावे, या एवढ्याशा ओळीपायी या टेबलाने कित्येक अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले होते. पण आता देशभरातली मुले टाचा न उंचावता हात धूत होती, आणि त्यासाठी कोणी भांडले होते हे त्यांना कधीच कळणार नव्हते. ताईंना त्या न कळण्यातच काहीतरी विलक्षण सुंदर दिसले. याच टेबलावर कामाच्या नादात पहिल्यांदा त्यांचा चहा गार झाला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन येई. शिलाई यंत्रे दुरुस्त करणारा तो माणूस. त्याच्या आवाजालाही तेलाचा वास आहे असे ताईंना दुरून वाटे.

“काय राष्ट्रीय बाई, आज देशाची किती मुलं झोपवलीत?”

“अहो, काहीतरीच काय!”

“बरं, देशाचं राहू दे. मिठाचा डबा कुठाय ते सांग. आईनं सगळं स्वयंपाकघर पालथं घातलंय आणि खापर माझ्यावर फोडतेय.”

ताई हसत, डब्याची जागा सांगत. पण ‘झोपवलीत’ हा शब्द रात्रभर उशाशी बसून राही.

कारण ताईंनी मुलांना झोपवले होते, आणि त्या पळून आल्या होत्या.

ताईंच्या बालवाडीत एक साधी लाकडी खुर्ची होती. नवे मूल आले की त्याच्या आईने किंवा बापाने पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर, मुलाच्या अगदी शेजारी बसायचे. दुसऱ्या दिवशी खुर्ची जराशी दाराकडे सरके. मग आणखी जराशी. मूल खेळता खेळता मागे वळून पाही, खुर्ची भरलेली दिसे, आणि पुन्हा खेळू लागे. असे करत एक दिवस खुर्ची दारात, एक दिवस व्हरांड्यात, आणि मग तो दिवस येई, ज्या दिवशी आई मुलासमोर खाली बसून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगे: मी जाते, दूध पिऊन झालं की येते. आणि खरेच येई. मूल रडले तरी चालेल, पण त्याला फसवायचे नाही, हा ताईंचा एकुलता एक कायदा. चोरपावलांनी सटकणाऱ्या पालकाला त्यांनी फाटकातून परत आणले होते, मग तो पोलीस असो नाहीतर डॉक्टर.

सगळ्यांत जास्त काळ ती खुर्ची अडवली बटणने. ही मुलगी पहिल्या दिवशी आली तीच गळ्याजवळचे बटण पिळत. भीती वाटली की पिळायची, राग आला की पिळायची; अखेर ते तुटून पडले आणि तिला नाव चिकटवून गेले. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात पाळी सांभाळून येई आणि खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगे. बाकीच्यांच्या खुर्च्या चालत गेल्या, हिची रांगत गेली. पण गेली. ज्या सकाळी बटणने आईला स्वतःहून “जा” म्हटले, त्या सकाळी ताई भांडारात जाऊन, रंगांच्या बाटल्यांकडे तोंड करून, पोटभर रडल्या होत्या.

आणि मग परिषदेचे बोलावणे आले. शेवटच्या दिवशी मुले दुपारी झोपून उठली की निरोप घ्यायचा, असे ठरले होते. बालवाडीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी गाणे बसवले होते. ताई झोपलेल्या मुलांमधून एकदा फिरल्या. कुणाचे पांघरूण सारखे केले, कुणाच्या तोंडातला अंगठा काढला. बटण कुशीवर झोपली होती, मूठ गळ्याशी. ताई त्या मुठीकडे बघत राहिल्या. आपण हिला काय सांगणार? दूध पिऊन झालं की येते?

त्यांनी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या. हळूच. मूल झोपले आहे असे पाहून.

गुरुवारच्या बैठकीत ते प्रकरण वाचायला घेतले तेव्हा मसुदा लिहिणाऱ्या गृहस्थांनी आधीच बाह्या सरसावल्या होत्या. आकडेवारी हा त्यांचा प्राण, म्हणून सगळी परिषद त्यांना आकडेमास्तर म्हणे. तेही त्या नावाला ओ देत.

“ताई, तुमच्या अर्जातली ती खुर्ची मी वाचलीय,” ते म्हणाले. “पण माझी अडचण ऐका. एक शिक्षिका आणि खोली भरून मुलं. एक आई दारात निरोप घेत उभी राहिली की एक रडतं, मग रांगेनं सगळी. दिवसच वाया जातो. म्हणून मी लिहिलं, हळूच जावं. आता बोला.”

ताईंनी पुढ्यातला कागद सरळ केला.

“अहो, मी भांडायच्या तयारीनं आलोय. घरी आरशासमोर सराव केलाय. आणि तुम्ही मूग गिळून बसलात?”

बाकीचे हसले. ताईंनी समोरच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवले. तोंड उघडले असते तर खरे तेच बाहेर पडले असते, पण सांगणारी खोटी ठरली असती. संचालिकाबाईंनी एकदा ताईंकडे पाहिले आणि कागद मिटले. “सोमवारी पुन्हा बसू. हे प्रकरण उघडंच राहू दे.”

बैठक संपते न संपते तोच बालवाडीतल्या मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे खोल्या झाडणारी, दूध तापवणारी आणि सगळ्यांची गुपिते जाणणारी बाई.

“ताई, बऱ्या आहात ना? म्हटलं तुमच्या कानावर घालावं. ते बटण... कोपऱ्यातली खुर्ची ओढत नेते आणि दारात बसते हो. तुम्ही गेल्यापासून. उठवलं तरी उठत नाही.”

पुढचे मावशी काय बोलल्या ते ताईंच्या कानापर्यंत पोहोचलेच नाही. त्यांना दिसत राहिली ती फक्त खुर्ची, इतक्या महिन्यांच्या धीराने दाराबाहेर नेलेली, आणि आता उलट दिशेने परत आलेली.

चहाच्या खोलीत संचालिकाबाई आपला कप आपणच विसळत होत्या.

“बाई,” त्या मागे न वळता म्हणाल्या, “सगळ्या मुलांना न्यायला येतात आणि एकच उरतं ना, तसा चेहरा झालाय तुमचा सकाळपासून. काय झालं?”

“मी पळून आले,” ताई म्हणाल्या.

“कुठून?”

“माझ्या मुलांमधून. ती झोपली होती तेव्हा. आणि एक मुलगी दारात बसून राहिलीय. मी कुठल्या तोंडानं ते वाक्य खोडू?”

संचालिकाबाईंनी नळ बंद केला. सांत्वनाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल ताईंना पुढे कितीतरी दिवस कृतज्ञ वाटत राहिले.

“उद्या रजा घ्या,” त्या म्हणाल्या. “मला सोमवारी तुमचं मत हवंय. आणि ते तर तुम्ही तिकडं ठेवून आलायत असं दिसतं. जाऊन घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ताई निघाल्या. खिडकीतून शेते, गोदामे, पाण्याच्या टाक्या मागे जात होत्या, आणि त्या मनातल्या मनात वाक्ये जुळवत होत्या. सगळी वाक्ये मोठ्या माणसांची होती. ती मुलीच्या हातात मावली नसती.

स्टँडवर नवरा उभा होता, स्कूटरला टेकून.

“एकटीच? मला वाटलं पुढंमागं शिपाई असतील.”

“चेष्टा पुरे हं.”

“घरी की बालवाडी?”

“बालवाडी.”

“वाटलंच. म्हणजे मिठासाठी आलेली नाहीस तू.” त्याने हेल्मेट ताईंच्या हाती दिले आणि पुढे काही विचारले नाही. त्याच्या पाठीमागे बसल्यावर तेलाचा ओळखीचा वास आला, आणि ताईंनी कपाळ क्षणभर त्याच्या खांद्याला टेकवले.

फाटकाशी त्या थबकल्या. दारात ती खुर्ची होती, आणि खुर्चीवर, जमिनीला न पोहोचणारे पाय हलवत, बटण. हाताची घडी घातलेली. चेहऱ्यावर दुःख शोधले तर सापडेना; तिथे पहारेकऱ्याचा करडेपणा होता.

आतून दूधवाला किटली घेऊन आला. बटणने पाय आडवा केला.

“कुठं चाललास?”

“पुढच्या गल्लीत. दूध घालायला.”

“परत कधी येणार?”

“उद्या सकाळी.”

“नक्की?”

“अगदी नक्की, मालकीणबाई.”

“मग जा.” तिने हात उंच केला, आणि दूधवाल्यानेही गंभीरपणे हात उंच करून रजा घेतली.

त्याच्या मागोमाग मोठ्या बाई आल्या. एरवी त्यांच्या चाहुलीनेच सारी बालवाडी चिडीचूप होई. “मी बँकेत जाऊन येते गं,” त्या आपणहून म्हणाल्या. “जेवणाच्या आधी परत.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग जा.”

फाटकाचा गज ताईंच्या हातात तसाच राहिला. एवढ्यात झाडू घेऊन मावशी बाहेर आल्या आणि त्यांना पाहून धावल्या.

“अगं बाई, ताई! बघितलंत ना? दार सोडायला तयार नाही.”

“मावशी, ही रडतेबिडते का?”

“रडतेय कुठली! आमची मात्र पाचावर धारण बसलीय. परवा मी बादली घेऊन मागच्या दारानं गेले, तर परत आल्यावर काय बोलणी खाल्ली म्हणता! आता मागच्या दाराला कडी आहे. तिनंच घालायला लावली.”

“मग फोनवर हे का नाही सांगितलंत?”

“सांगतच होते की! तुमच्याकडून हूं नाही की चूं नाही. म्हटलं, आठवण येतेय ताईंना. येऊ देत एकदा.”

ताईंना हसू आले आणि त्याच क्षणी डोळे भरले. ज्याला त्या भग्न विश्वासाची खूण समजत होत्या, तो कायदा होता. त्यांचाच कायदा; त्यांनी मोडलेला, आणि एका चिमुरडीने उचलून पुन्हा दारात उभा केलेला.

त्या खुर्चीसमोर खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. बटणने त्यांच्याकडे पाहिले. धावत येऊन बिलगली वगैरे नाही. हात गळ्याशी गेला.

“तू मला न सांगता गेलीस.”

“हो. चुकलं माझं.”

“मी झोपले होते.”

“माहितीये. मला वाटलं, तुला सांगितलं तर मला रडू येईल.”

“मला नव्हतं येणार.” तिने पाय हलवले. “थोडंसं येणार होतं.”

“मलापण.”

“मग आलं असतं दोघींना,” बटण म्हणाली, त्यात काय मोठेसे, अशा सुरात. “आता कुठं चाललीस?”

“आता इथंच आहे. दुपारी जाणार. लांब. तिथं मला काम मिळतंय.”

“कसलं?”

“सगळ्या बालवाड्यांतल्या आईबाबांना सांगायचं की जाताना सांगून जा.”

“माझ्या आईला माहितीये ते.”

“तिला पक्कं माहितीये.”

“मग बाकीच्यांना सांग.” प्रश्न निकालात निघाला होता. पण लगेच पुढचा आला, ज्याला ताई महिनाभर भ्यायल्या होत्या. “परत कधी येणार?”

जुळवलेली सगळी वाक्ये गाडीतच राहिली होती. “रोज नाही येणार,” त्या म्हणाल्या. “शिकवायला नाहीच येणार. सुट्टी लागली की भेटायला येईन.”

बटणने गळ्याजवळचे नवे बटण पिळले. एकदा, दोनदा. खालचा ओठ बाहेर आला. ताई तशाच बसून राहिल्या. त्यांनी ना खेळणे पुढे केले, ना खिडकीतला पक्षी दाखवला.

“सुट्टी म्हणजे आंघोळ लवकर नाही तेव्हा?”

“तेव्हाच.”

“बरं.”

दुपारी बाकीची मुले आडवी झाली तेव्हा बटण काही केल्या झोपेना. डोळे जड होत, मान लवंडे, की ती स्वतःलाच चिमटा काढून ताठ होई. “आज मी झोपणारच नाही,” तिने मावशींना बजावले. मुले उठल्यावर ताईंनी सगळ्यांना गोल बसवले आणि खरे तेच सांगितले. मोठ्या बाईंनी राहिलेले गाणे उरकून घेतले. एक रडले, मग दुसरे, आकडेमास्तरांनी म्हटले होते तसेच रांगेने. आणि थोड्या वेळाने रांगेनेच थांबलेही.

ताई दाराशी आल्या तेव्हा बटण खुर्चीवर हजर होती. गालांवर पाणी होते, पण हात तयारीत होता.

“आता मी जागी आहे,” ती म्हणाली. “आता जा.”

ताई गेल्या. चपला पायांत होत्या, आणि त्यांचा आवाज अंगणभर होत होता. फाटकाशी वळून त्यांनी हात उंच केला. बटणनेही हात उंच केला, मग ती खाली उतरली, आणि दोन्ही हातांनी खुर्ची ओढत ओढत आत, तिच्या कोपऱ्याकडे नेऊ लागली. खुर्चीचे पाय फरशीवर खरखरत होते. त्या खरखरीइतके गोड काही ताईंनी कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते.

सोमवारी आकडेमास्तर पुन्हा तयारीने आले, आणि या वेळी त्यांचा सराव फुकट गेला नाही. ताईंनी आधी आपले पळून येणे सांगितले, मग दारातली बटणची उलटतपासणी आणि मागच्या दाराची कडी सांगितली. खोलीत कोणी हसले नाही. नंतर मात्र सगळेच हसले.

“रडणं रांगेनं येतं हे खरंच आहे,” ताई म्हणाल्या. “शुक्रवारी मीच रडवलं सगळ्यांना. पण ते थांबलं. न सांगता गेल्यावर जे सुरू होतं, ते दिसत नाही, म्हणून तुमच्या आकड्यांत येत नाही.”

आकडेमास्तरांनी चष्मा काढून पुसला. “बरं, सांगून जावं. पण दारात कीर्तन नको. माझ्या खोली भरून मुलांचं बघा जरा. निरोप छोटा हवा.”

“छोटा चालेल. खरा हवा.”

“आणि आणखी एक मोठं माणूस खोलीत हवं. पहिल्या दिवसांपुरतं तरी. हे मंत्रालयाकडं मागावं लागेल. लवकर मिळायचं नाही.”

“मग मागत राहू,” ताई म्हणाल्या, आणि आपण ‘राहू’ म्हटले हे त्यांच्या ध्यानात येण्याआधीच संचालिकाबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी भुवई उंचावली. “चावत नाही ना?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “हेच माप.”

जुन्या वाक्यावर पेन्सिल फिरली. नवे वाक्य सगळ्यांच्या हातून होत होत आले: निघताना पालकांनी मुलासमोर खाली बसावे, आपण जात आहोत आणि केव्हा येणार हे थोडक्यात व खरे सांगावे, आणि मग जावे. मूल जागे असावे, हा तुकडा ताईंनी शेवटी जोडला. तो का हवा, हे त्या टेबलाशी कोणालाच विचारावे लागले नाही.

समोरचा कप केव्हाचा गार पडला होता. तो उचलून ताई उठल्या.

“कुठं निघालात?” कागदांतून मान वर न करता आकडेमास्तरांनी विचारले.

“चहा गरम करायला.”

“परत कधी येणार?”

“उकळी आली की.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग जा,” आकडेमास्तर म्हणाले, आणि पेन धरलेला हात त्यांनी उंच केला.